रानाची परिभाषा

शब्दाचा कीस काढावा तो वैयाकरणांनीं किंवा वकिलांनीं, असा आपल्या घरोघर समज आहे. रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसावर मात्र ही पाळी रोज येते. सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन येणारी बाई हक्कदार ठरावी कीं गुन्हेगार, हें ती ज्या जमिनीवरून आली तिला सरकारी दप्तरांत कोणतें नांव आहे, ह्यावर अवलंबून असतें. म्हणून वनव्यवस्थेंतील कांहीं शब्द ह्या खेपेस वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय रुक्ष खरा. पण सात-बाराचा उतारा ज्या घरांत आस्थेनें वाचला जातो, तेथें तो अगदींच परका वाटूं नये.

प्रथम ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’. कानाला हे शब्द सख्ख्या भावांसारखे वाटतात. १८७८ च्या कायद्यानें व पुढें १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें त्यांच्यांत मोठी भिंत घातली. राखीव वनांत जेवढ्याची मोकळीक दिली असेल तेवढेंच करावयाचें, बाकी सारें मना; संरक्षित वनांत जेवढें मना केलें असेल तेवढें टाळावयाचें, बाकी चालतें. १९३० सालीं पुसद, बिळाशी, चिरनेर येथें जे जंगल-सत्याग्रह झाले, त्यांच्या मुळाशीं अशीच मनाई होती. पुसदला लोकनायक बापूजी अणे ह्यांनीं राखीव रानांतलें गवत कापून कायदा मोडला. ‘ग्रामवन’ हा तिसरा वर्गही कायद्यांत आहे. तो पुष्कळ ठिकाणीं कागदावरच राहिला.

‘कूप’ हा शब्द पाहून संस्कृतज्ञांना विहीर आठवेल. हा कूप निराळा. तो फ्रेंच भाषेंतून इंग्रजांच्या हातून आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थ ‘तोड’ असा आहे. रानाची जी कार्य-आयोजना बहुधा दहा वर्षांसाठीं आंखतात, तिचा हा कणा. समजा, ४०० एकर रान आहे आणि तोडलेलें झाड पुन्हा तयार होण्यास ४० वर्षें लागतात. तर रानाचे ४० तुकडे पाडून दरसाल १० एकरांचा एकच कूप तोडावयाचा. एकेचाळिसाव्या वर्षीं पहिला तुकडा पुन्हा उभा असतो. व्याज खावें, मुद्दल राखावें, असा हा संसारी हिशेब आहे, आणि तो चोखही आहे. मात्र ह्या वहींत जमा धरलें जातें तें मुख्यतः लांकूड. गुरांची चराई, मोहाचीं फुलें, मध, औषधी मुळ्या ह्यांवर ज्यांची चूल चालते त्यांचें खातें तींत कोठें शोधावें?

त्या साऱ्यांना मिळून नांव पडलें ‘गौण वनोपज’. गौण कोणाच्या लेखीं, हें आम्हांस अजून कोडें आहे. बांबूचेंच उदाहरण घ्या. वनस्पतिशास्त्राप्रमाणें बांबू हें गवत. १९२७ च्या कायद्यानें त्याला झाड ठरविलें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तो गौण उपजांत घातला. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या गोंड वस्तीच्या गांवाला २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू गांवाबाहेर नेण्याचा वाहतूक-परवाना वनखातें देईना. झाड तें झाड! अखेर २०११ च्या एप्रिलांत केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण ह्यांच्या उपस्थितींत परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें. कायद्याच्या ‘झाड’ ह्या व्याख्येंतून बांबू निघाला तो त्याहून मागाहून, २०१८ च्या सुमारास. आपल्या घरांतलें सूप, रोवळी, मांडवाचा वेळू ज्यापासून होतो त्या एका वस्तूच्या नांवासाठीं गांवानें एवढीं वर्षें झगडावें, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि ‘वन’ म्हणजे तरी काय? १२ डिसेंबर १९९६ रोजीं गोदावर्मन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, मालकी कोणाचीही असो, शब्दाचा कोशांत जो अर्थ आहे तो घ्यावा. ह्या वाक्याचा धक्का पूर्व विदर्भाला बसला. तेथें ‘झुडपी जंगल’ असा महसुली दप्तरांतला जुना शब्द आहे. अशा झुडुपांच्या, हलक्या जमिनी पुष्कळशा चराईसाठीं व गांवकऱ्यांच्या ‘निस्तारा’साठीं, म्हणजे सरपण-काट्याकुट्यांच्या नित्य गरजेसाठीं, सोडलेल्या असत, पुढें कित्येकींवर घरें, शाळा, कचेऱ्या उभ्या राहिल्या. २२ मे २०२५ रोजीं न्यायालयानें ह्या जमिनी वनच होत, असा निर्णय दिला. १९९६ च्या त्या तारखेपूर्वीं रीतसर वांटलेल्या जमिनींसाठीं राज्य सरकारनें केंद्राची मंजुरी घ्यावी, असेंही सांगितलें. ज्या वाचकांचीं घरें वा शेतें नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या सहा जिल्ह्यांत आहेत, त्यांनीं जुना उतारा काढून त्यावर हे दोन शब्द आहेत कीं काय, आणि असल्यास वांटपाची तारीख कोणती, हें एकवार पाहून ठेवावें.