न सांगितलेला दर

१९९६ सालच्या जुलै महिन्यात, एका तालुक्याच्या गावी, एका पतसंस्थेच्या काउंटरवर एक निवृत्त गुरुजी दोन पासबुके घेऊन उभे राहिले. एक त्यांचे, दुसरे त्यांच्या पत्नीचे. दोन्ही खात्यांत २०,००० रुपयांची ठेव, दोन्हींचा दर १३ टक्के, आणि व्याज दर तिमाहीला घ्यायचे ठरलेले. गुरुजींना मिळाले ६५० रुपये, बाईंना ६००.

"काय हो, तो कॉम्प्युटर तुम्हीच बसवलात ना?" गुरुजींनी मला विचारले. "मग घरात भांडण लावायची सोयही त्यातच केली आहेत का?"

मी हसलो खरा, पण पोटात गोळा आला. स्वतंत्रपणे घेतलेले ते माझे पहिले काम. त्या काळी अशी कामे बहुतेक जण फॉक्सप्रोमध्ये करीत. मला मात्र सी प्लस प्लसची हौस. हौसेला मोल नसते म्हणतात. इथे ते होते, तिमाहीला पन्नास रुपये, आणि ते भरत होत्या बाई.

चूक सापडायला दोन रात्री लागल्या. ती समजण्यासाठी वाचकांना थोडे आत यावे लागेल. प्रोग्रॅममध्ये एखादे काम वारंवार करायचे असेल तर ते एकदाच लिहून त्याला नाव देतात. त्याला म्हणायचे फंक्शन. पिठाच्या गिरणीसारखेच ते. वरून दाणे टाकायचे, खालून पीठ घ्यायचे. वर काय काय टाकायचे याच्या ठरलेल्या जागा म्हणजे पॅरामीटर. माझ्या 'व्याज' नावाच्या फंक्शनला तीन गोष्टी लागत : मुद्दल, दिवस आणि दर. आता गिरणीत आपण गव्हाचा डबा ठेवून काहीच न बोलता निघून आलो, तर गिरणीवाला पोळीचे बारीक पीठ दळतो. लाडवासाठी रवाळ हवे असेल तर तसे सांगावे लागते. न सांगितल्यास जे धरून चालायचे ते डिफॉल्ट. मी दराला डिफॉल्ट दिला होता १२. संस्थेच्या बहुतेक ठेवी १२ टक्क्यांच्याच होत्या; प्रत्येक ठिकाणी काय तोच आकडा लिहीत बसायचे? मोठ्या ऐटीत मी ते टंकन वाचवले होते.

एप्रिलमध्ये संस्थेने दर १३ केला. मी एका जागी १२ चे १३ केले आणि चहा प्यायला गेलो. इथे सी प्लस प्लसची खोच आहे. डिफॉल्टचा आकडा फंक्शनच्या पोटात राहत नाही. जिथून फंक्शनला हाक मारली आणि दर सांगितला नाही, त्या जागी कंपायलर स्वतःच तो आकडा भरून टाकतो, आणि तोही त्या फाइलचे भाषांतर होते त्या दिवशी असलेला. नव्या ठेवींची फाइल मी पुन्हा कंपाइल केली होती. नूतनीकरणाची फाइल केली नव्हती, कारण तिच्यात मी काही बदललेलेच नव्हते! गिरणीवर नवी पाटी लागली, पण घरोघरच्या डब्यांत जुन्या चिठ्ठ्या आधीच पडलेल्या होत्या. गुरुजींची ठेव नवी होती. बाईंची जुनी, नूतनीकरण केलेली.

हा आकडा नेमका केव्हा ठरतो, या एका प्रश्नावर निरनिराळ्या भाषांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत, आणि प्रत्येक उत्तराने कुणाला तरी रडवले आहे. गिदो व्हान रोसम यांची पायथन भाषा १९९१ साली बाहेर आली. तिच्यात डिफॉल्ट एकदाच तयार होतो, फंक्शनची व्याख्या वाचली जाते त्या क्षणी. आकडा असेल तर बिघडत नाही. पण डिफॉल्ट म्हणून कोरी यादी दिली, तर ती एकच यादी सगळ्यांच्या वाट्याला येते. लॉज उघडले त्या दिवशी एक टॉवेल आणला आणि ज्याने स्वतःचा आणला नाही अशा प्रत्येक पाहुण्याला तोच दिला, तसा प्रकार. पहिल्या पाहुण्याला तो स्वच्छच मिळतो, म्हणून चाचणीत काही कळत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय २०१५ साली आली, तेव्हा त्यांनी दर खेपेस नवा टॉवेल द्यायचे ठरवले. मला ते पटते.

त्याच जावास्क्रिप्टमधला जुना किस्सा सांगण्याजोगा आहे. अक्षरांतला आकडा संख्येत बदलणारे एक फंक्शन आहे. आकडा कोणत्या पायाचा, दहाच्या की आणखी कुठल्या, हे त्याला सांगायचे. पण ते न सांगण्याचीही मुभा. न सांगितल्यास सुरुवातीच्या शून्यावरून अनेक ब्राउझर अंदाज बांधत की हा आठाच्या पायाचा आकडा असावा. आठाच्या पायात ८ आणि ९ हे अंकच नाहीत. त्यामुळे '०७' चे सात व्हायचे, पण '०८' आणि '०९' यांचे शून्य! म्हणजे तारखेचा प्रोग्रॅम जानेवारीपासून जुलैपर्यंत गुण्यागोविंदाने चालणार, ऑगस्टमध्ये आजारी पडणार आणि ऑक्टोबरात आपोआप बरा होणार. भाषेच्या २००९ सालच्या मानकाने हा अंदाज बंद केला.

पण आपल्याला, म्हणजे देवनागरीत नाव लिहिणाऱ्यांना, खरा चटका बसला तो वेगळ्याच डिफॉल्टचा. १९९५ साली आलेल्या जावा भाषेत पॅरामीटरला डिफॉल्ट देण्याची सोयच नाही. मला हे पूर्वी फार शहाणपणाचे वाटे. पण पुढचे दार लावले की माणसे मागच्या दाराने येतात. तिथे एकाच नावाची दोन फंक्शने करता येतात, एक पॅरामीटर घेणारे आणि एक न घेणारे. न घेणाऱ्याच्या पोटात डिफॉल्ट लपलेला. अक्षरांचे बाइट करणारे असेच एक जोडफंक्शन आहे. लिपीची सांकेतिक पद्धत सांगितली नाही, तर ते ज्या यंत्रावर चालत असे त्या यंत्राची पद्धत धरी. एका कार्यालयासाठी मी ओळखपत्रे छापणारा प्रोग्रॅम केला होता. माझ्या यंत्रावर सगळी नावे नीट येत. त्यांच्या विंडोज यंत्राची पद्धत पश्चिम युरोपची. तिला 'श' ठाऊक नाही आणि 'ळ' ही नाही. जे अक्षर ठाऊक नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह, अशी तिची रीत. सकाळी ओळखपत्रांचा गठ्ठा हाती आला तो प्रश्नचिन्हांचा. एकदा असे झाले की मागे फिरता येत नाही, कारण प्रश्नचिन्हाला आपण आधी कोण होतो हे आठवत नाही. २०२२ साली जावाच्या अठराव्या आवृत्तीत हा डिफॉल्ट सगळ्या यंत्रांवर यूटीएफ-८ झाला, ज्यात जगातल्या लिप्या मावतात. सत्तावीस वर्षे लागली.

मायएसक्यूएल ही माहिती साठवणारी प्रणाली स्वीडनमधली. काही न सांगता तक्ता बनवला तर ती अक्षरे पश्चिम युरोपची धरी, आणि नावांचा अनुक्रम लावी स्वीडिश वर्णमालेप्रमाणे. २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत हे असेच चालले होते. स्वीडनच्या माणसांचा यात दोष काय? त्यांनी आपल्या अंगणात जे नेहमीचे ते धरले. मीही १२ टक्के तसेच धरले होते.

या सगळ्यात मला आपल्या मराठीचे कौतुक वाटते. 'रामाने रावणाला मारले' म्हणा की 'रावणाला रामाने मारले' म्हणा, मेला तो रावणच. कोण कर्ता आणि कोण कर्म हे विभक्तीचा प्रत्यय सांगतो. इंग्रजीत नावांची अदलाबदल केली की राम मेला! पूर्वीची बहुतेक फंक्शने इंग्रजी वळणाची. पहिल्या जागी मुद्दल, दुसऱ्या जागी दिवस, आणि चुकून उलट टाकले तर ९० रुपयांवर २०,००० दिवसांचे व्याज निमूटपणे निघते. 'छाप, पावती, होय, नाही, होय' असे कुणी लिहून ठेवले, तर त्यातले दुसरे 'होय' कशाला, हे लिहिणाऱ्यालाही महिन्याने सांगता येत नाही. १९८३ च्या एडा भाषेने आणि नंतर पायथनने नाव घेऊन सांगण्याची सोय दिली : मुद्दल इतके, दर इतका. हा सरळ विभक्तिप्रत्ययच. २००८ च्या पायथन ३ मध्ये तर अमुक गोष्ट नाव घेऊनच सांगितली पाहिजे, अशी सक्तीही करता येऊ लागली. त्याची किंमत आहे. पॅरामीटरचे नाव लोकांच्या तोंडी बसले की ते बदलता येत नाही, म्हणून २०१९ मध्ये उलटी सोयही करावी लागली, नाव घेण्यास मनाई करण्याची. तरी पैशाच्या कामात मी आज सक्तीच्याच बाजूने आहे.

डिफॉल्ट नकोतच, असे मात्र मी म्हणत नाही. प्रत्येक वेळी सतरा गोष्टी सांगाव्या लागल्या तर माणूस न वाचता जुनेच उतरवून काढतो. पावतीचा समास किती, तारीख कोणत्या रूपात छापायची, हे खुशाल गृहीत धरावे; चुकले तर डोळ्यांना दिसते. पण व्याजाचा दर चुकला तर कागदावर काहीच वेडेवाकडे दिसत नाही. फंक्शन लिहिणारा मी, ते वापरणाराही मी किंवा माझ्यासारखाच कुणी. आणि पन्नास रुपये जातात ते काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या, आपल्या वतीने काही गृहीत धरले आहे याची कल्पनाही नसलेल्या बाईंचे.

तर त्या दुसऱ्या रात्री मी दराचा डिफॉल्ट काढून टाकला आणि सगळ्या फाइली नव्याने कंपाइल करायला घेतल्या. कंपायलरने चौदा ठिकाणी हरकत घेतली : इथे दर सांगितलेला नाही. अकरा ठिकाणी मला उत्तर ठाऊक होते. उरलेल्या तीन ठिकाणी, मुदतीआधी मोडलेल्या ठेवीला आणि मुदत संपून पडून राहिलेल्या ठेवींच्या दोन प्रकारांना, कोणता दर लावायचा हे मला माहीत नव्हते. सकाळी व्यवस्थापकांना विचारले. त्यांनाही माहीत नव्हते. त्यांनी ठरावांची वही काढली, पाने उलटली, पुन्हा उलटली. मोडलेल्या ठेवीचा ठराव सापडला. बाकी दोन्हींबाबत संचालक मंडळाने कधी काही ठरवलेलेच नव्हते. वर्षभर ते माझ्या १२ ने ठरवले होते.

"हे आता मीटिंगपुढे न्यावे लागणार," व्यवस्थापक चष्मा पुसत म्हणाले.

बाईंचे पन्नास रुपये त्याच दिवशी व्हाउचरवर निघाले. घ्यायला गुरुजीच आले. नोट उलटसुलट पाहून त्यांनी खिशात ठेवली, आणि पिशवीतून तिसरे पासबुक काढले. ते त्यांच्या बहिणीचे होते.