गारखेड्याचं स्वातंत्र्य: तेरा महिने उशिरा

15 ऑगस्ट 1947 ला दिल्लीत तिरंगा चढला, तेव्हा गारखेडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. आज सूतगिरणी चौक आणि विभागीय क्रीडा संकुलामुळे ओळखला जाणारा हा भाग त्या वेळी औरंगाबाद शहराबाहेरचं एक गाव होतं. 13 सप्टेंबर 1948 ला भारत सरकारची हैदराबादवरची लष्करी कारवाई, म्हणजे पोलीस ॲक्शन, सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी शहर भारतीय फौजांच्या हाती आलं आणि 17 तारखेला निजाम शरण आला. या मुक्तीमागे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालचा हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा होता, हे विसरून चालणार नाही.

खरा बदल कळतो तो पुढच्या वर्षभरात. राज्य लष्करी गव्हर्नर मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाती होतं. 15 ऑगस्ट 1949 ला जहागिऱ्या रद्द झाल्या. त्या कायद्यावर साल होतं संस्थानातल्या जुन्या फसली कालगणनेचं, 1358! बाजारात अजून चारमिनारची छाप असलेला संस्थानाचा हाली रुपया चालायचा. भारत सरकारच्या 100 कलदार रुपयांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, म्हणजे सहा कलदारांना सात हाली. देश एक झाला, तरी गाठीच्या पैशाचा हिशेब दोनदा करावा लागे.

26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झालं आणि निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेच आजचं मिलिंद. मराठवाड्यातल्या किती घरांत पहिला पदवीधर तिथूनच आला!