उसाचे बिल अडले कुठे? एका ‘ड्रायव्हर’ची हकिगत



२०२३-२४ च्या गळीत हंगामात आपल्यापैकी काहींची उसाची बिले जुन्या, बंद पडलेल्या बँक खात्यांवर गेली आणि तशीच परत आली. त्यावरून गट ऑफिसात बरीच बोलाचाली झाली. “अर्ज देऊन महिना झाला, मग खातं बदललं का नाही?” हा सवाल रास्तच होता. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर सालिना १५ टक्के व्याज. तेव्हा घडले ते सांगणे आम्हाला भाग आहे.

तुमचा अर्ज गट ऑफिसातला कारकून ऑफिसच्या ई-मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो. आपल्याकडे हे काम लोटस नोट्सवर चालते. १९८९ साली आलेले हे सॉफ्टवेअर. १९९५ साली ते आयबीएमकडे गेले आणि २०१९ साली आपल्या देशातल्या एचसीएलने घेतले. यात माहिती रकान्यांच्या तक्त्यात नसते. एकेक अर्ज म्हणजे एकेक कागद, अशी ती फाईल. हिशेब खात्याला मात्र एक्सेलचा तक्ता लागतो. या दोघांच्या मधल्या दुभाष्याला संगणकवाले ‘ड्रायव्हर’ म्हणतात. (ट्रॅक्टरवरचा नव्हे!)

हंगाम ऐन भरात असताना हिशेब खात्यात नवा संगणक आला आणि यादी येईनाशी झाली. पडद्यावर मजकूर येई, ‘ड्रायव्हर व प्रोग्रॅम यांची बांधणी जुळत नाही’. आम्ही आधी लाईन तपासली, मग पासवर्ड, मग अर्जांची सगळी फाईल. दोन दिवस गेले. तोवर बिले थांबायला नकोत म्हणून जुन्याच छापील यादीवरून रकमा सोडल्या. चूक झाली ती इथे, आणि ती आमची. संगणकाच्या माथी मारून चालणार नाही.

बिघाड तसा साधा निघाला. नवे एक्सेल ६४ बिटांचे आणि आपला ड्रायव्हर ३२ बिटांचा. ट्रॉलीची पिन ट्रॅक्टरच्या हुकात बसेना, तर दोष ना पिनेचा ना हुकाचा. त्यात विंडोजची आणखी एक गंमत आहे. ड्रायव्हरची नोंद करायचे प्रोग्रॅम दोन, नाव मात्र एकच. ६४ बिटांचा प्रोग्रॅम ‘सिस्टिम ३२’ नावाच्या फोल्डरमध्ये, आणि ३२ बिटांचा ‘सिसवाव ६४’ मध्ये! पाटी एकाची, दुकान दुसऱ्याचे. आम्ही चुकीच्या दुकानात ड्रायव्हर शोधत बसलो होतो.

मग त्या एका संगणकावर ३२ बिटांचे एक्सेल घातले, नोंद योग्य प्रोग्रॅममधून केली. तरी ‘त्रुटी १२६’ आलीच. तिचा अर्थ, ड्रायव्हर सापडला पण त्याच्या सोबतची फाईल सापडत नाही. ड्रायव्हर एकटा चालत नाही, त्याला त्याच संगणकावर नोट्स लागते. आणि नोट्सचे फोल्डर विंडोजच्या ‘पाथ’ या यादीत लिहिलेले नव्हते. ते लिहिले आणि यादी आली.

एक खोड राहिली होती. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरते, पुढच्यांच्या जागी शून्ये घालते. सुरुवातीची शून्ये तर गाळूनच टाकते. म्हणून खाते क्रमांकाचा रकाना आता आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून ठेवला आहे. बिले सोडण्याआधी यादीवरची तारीखही पाहिली जाते. तारीख शिळी असेल तर त्या यादीवरून रक्कम सुटत नाही.

त्या हंगामात ज्यांनी खातेबदलाचा अर्ज दिला होता, त्यांनी पासबुक घेऊन गट ऑफिसात यावे आणि आपला क्रमांक शेवटच्या अंकापर्यंत ताडून पाहावा. कारकून कंटाळला तरी चालेल.