पाण्याच्या फणीनं विंचरलेला धागा

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, आईला आणि मावशीला, दोघींनाही स्तनाचा कॅन्सर झाला. मग मलाही होणार का?" होईलच असं नाही. पण काही घरांत बिघडलेला एक जनुक पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. तो बिघाड शोधायची एक तऱ्हा मला फार आवडली, ती आज सांगते.

आपल्या पेशीत डीएनए नावाचा धागा असतो. एका पेशीतला सगळा सरळ केला तर सुमारे २ मीटर भरेल, पण जाडी फक्त २ नॅनोमीटर. आपला केस त्याच्या हजारो पट जाड! पाण्यात हा धागा गुंता होऊन बसतो. चिमट्यानं धरायची सोयच नाही.

१९९४ मध्ये पॅरिसमध्ये आरॉन आणि डेव्हिड बेन्सिमोन यांनी सहकाऱ्यांबरोबर यावर उपाय काढला. धुणं धुताना पदराच्या गोंड्याचे दोरे पाण्यात कसे मोकळे तरंगतात? पदर वर ओढला की सगळे एका दिशेला सरळ होतात. तसंच हे. काचेवर खास रसायनाचा लेप देतात, त्याला धाग्याचं टोक चिकटतं. मग काच पाण्यातून सावकाश, एकाच वेगानं वर काढतात. पाण्याची सरकती कड फणीचं काम करते. धागा ताणला जातो आणि कोरड्या काचेवर तसाच बसतो. शास्त्रज्ञही याला विंचरणंच म्हणतात.

प्रत्येक धागा सारखाच ताणला जातो, ही यातली खरी किमया. धाग्यावर चार प्रकारची अक्षरं असतात. १ मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, अशी सुमारे २,००० अक्षरं बसतात. जनुकावर चमकणारे रंग लावले की सूक्ष्मदर्शकाखाली लांबी चक्क मोजता येते. बीआरसीए-१ हा जनुक सुमारे ८० हजार अक्षरांचा, म्हणजे ४० मायक्रोमीटर.

मोजायचं कशाला, नुसतं वाचलं तर? आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एकीतलं पान फाटलेलं असलं तरी दुसरीतलं वाचता येतं, आणि नुसत्या वाचनात सगळं ठीक वाटू शकतं. विंचरलेल्या धाग्यावर मात्र तुटकी प्रत आखूड दिसते.

हे काम मोजक्या प्रयोगशाळांतच चालतं. फाटलेलं पान शोधायच्या इतर चाचण्याही आहेत. पण कोणतीही चाचणी सुचवण्याआधी डॉक्टर विचारतात, घरात कॅन्सर कुणाला झाला आणि कितव्या वर्षी. त्यात आत्या आणि वडिलांची आईही धरायची, कारण हा जनुक वडिलांकडूनही येतो.