थीसिसमधलं ‘नवीन’ आणि पेटंटमधलं ‘नवीन’

गेल्या आठवड्यात लॅबमधला एक ज्युनियर एक्सआरडीचा प्रिंटआउट घेऊन माझ्या टेबलापाशी आला. एका जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या औषधाच्या रेणूचं त्याने वेगळं सॉल्ट बनवलं होतं. मेल्टिंग पॉइंट वेगळा, पाण्यात विरघळण्याचं प्रमाण वाढलेलं, पीक नव्या जागी. “ताई, हे नवीन आहे ना? मग पेटंट मिळेल ना?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं, भारतात तरी, बहुतेक नाही. त्याला ते पटेना. पेपर निघू शकतो, थीसिसमध्ये एक चॅप्टर होऊ शकतो, मग पेटंट का नाही? आपल्यापैकी बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

बेडाक्विलिन हे नाव ऐकलं असेल. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरची ही गोळी. जॉन्सन अँड जॉन्सनकडे तिच्या मूळ रेणूचं पेटंट होतं आणि त्याची 20 वर्षांची मुदत जुलै 2023 मध्ये संपणार होती. पण कंपनीने त्याच रेणूच्या फ्युमरेट सॉल्टसाठी दुसरा अर्ज करून ठेवला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी 2027 पर्यंत लांबली असती. पेटंट संपत आलं की त्याच औषधाच्या थोड्या बदललेल्या रूपावर नवं पेटंट घ्यायचं, याला एव्हरग्रीनिंग म्हणतात. जुन्या झाडाला दर काही वर्षांनी नवी पालवी दाखवत राहायचं, असं समजा.

या अर्जाला विरोध कोणी केला, तर मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले यांनी. दोघीही टीबीतून बऱ्या झालेल्या, आणि दोघींची ऐकण्याची शक्ती जुन्या टीबी औषधांच्या दुष्परिणामाने गेलेली. पेटंट कायद्याच्या कलम 25(1) मध्ये शब्द आहेत ‘कोणतीही व्यक्ती’. पेटंट मिळण्याआधी विरोध नोंदवायला तुम्ही कंपनी असायला नको, वकील असायला नको. मार्च 2023 मध्ये पेटंट ऑफिसने तो अर्ज फेटाळला. एक कारण, यात इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही. म्हणजे त्या क्षेत्रातल्या जाणकार माणसाला आधीचं साहित्य वाचून हे सहज सुचलं असतं. दुसरं कारण, कलम 3(डी).

आता हे 3(डी) नीट बघू. 1970 च्या आपल्या कायद्यात औषधाला पेटंट नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला होतं. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे 2005 पासून औषधालाही पेटंट द्यावं लागलं. तेव्हाच हे कलम आत्ताच्या रूपात आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माहीत असलेल्या पदार्थाचं सॉल्ट, एस्टर, पॉलिमॉर्फ, आयसोमर, बारीक कण वगैरे सगळं तोच पदार्थ समजायचा. अपवाद एकच, त्यामुळे परिणामकारकता लक्षणीय वाढत असेल तर.

पण परिणामकारकता म्हणजे काय? यावर नोव्हार्टिसची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 1 एप्रिल 2013 ला निकाल लागला. औषध ग्लिव्हेक, रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरवरचं. कंपनीला इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा क्रिस्टल रूपावर पेटंट हवं होतं. ब्रँडच्या औषधाचा महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे 1 लाख 20 हजार रुपये सांगितला जायचा, जेनेरिकचा 8 ते 10 हजार.

संशोधन शिकणाऱ्यांनी हा निकाल खरं तर मेथडॉलॉजीच्या तासाला वाचायला हवा. कंपनीचा एक दावा होता की शरीरात औषध उपलब्ध होण्याचं प्रमाण 30 टक्क्यांनी वाढतं. आपण लगेच पी-व्हॅल्यू शोधू. कोर्टाने त्याआधीचा प्रश्न विचारला: वाढतं, पण कशाच्या तुलनेत? तुलना होती इमॅटिनिब फ्री बेसशी. कोर्टाच्या मते आधीपासून माहीत असलेला पदार्थ होता इमॅटिनिब मेसिलेट, तुलना त्याच्याशी हवी होती. म्हणजे सरळ भाषेत, कंट्रोल चुकला. एखाद्या व्हायव्हात एक्सटर्नलने नेमकं हेच विचारलं असतं.

दुसरा मुद्दा: औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची परिणामकारकता. चांगलं विरघळतं, साठवायला सोपं, पावडर नीट वाहते, हे गुण उपयोगाचे आहेत, पण या कलमासाठी पुरेसे नाहीत. शरीरात जास्त प्रमाणात पोचतं एवढंही पुरत नाही. त्यामुळे उपचार अधिक चांगला होतो याचा पुरावा द्यावा लागतो. छोट्या सुधारणांना दार कायमचं बंद केलेलं नाही, हेही कोर्टाने स्पष्ट म्हटलंय. कंपन्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की यामुळे चांगलं फॉर्म्युलेशन करणाऱ्यांची मेहनत वाया जाते. दिवसेंदिवस क्रिस्टल वाढवत बसल्यामुळे मला ते थोडंसं पटतंही. तरी गोळीची किंमत कोण भरतं हे आठवलं की माझा कल कायद्याकडे जातो.

आपल्या रोजच्या कामाच्या दोन गोष्टी घाईघाईत सांगते. पेटंट असलेला रेणू निव्वळ प्रयोगासाठी किंवा शिकवण्यासाठी लॅबमध्ये बनवला तर कलम 47 त्याला मुभा देतं. आणि पोस्टर! आमच्या ओळखीच्या एका सीनियरने कॉन्फरन्सच्या पोस्टरवर पूर्ण स्ट्रक्चर आणि यील्ड छापलं, अर्ज नंतर केला. स्वतःचंच पोस्टर प्रायर आर्ट ठरलं. विद्वत्सभेत वाचलेल्या पेपरसाठी आपल्याकडे 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती अरुंद आहे आणि युरोपात तशी सवलत जवळजवळ नाहीच. तेव्हा ॲबस्ट्रॅक्ट पाठवण्याआधी गाइडशी आणि संस्थेच्या आयपी सेलशी बोला.

एक बदलही माहीत असू द्या. 2024 च्या सुधारित नियमांनुसार पेटंटपूर्व विरोधाला आता फी आहे, आणि विरोध मुळात ऐकण्याजोगा आहे का हे कंट्रोलर आधी ठरवतो. ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द कायद्यात तसेच आहेत, फक्त त्या व्यक्तीला आता खिशात हात घालावा लागतो. उद्याचा विरोध एखाद्या पेशंटकडूनच येणार असेल तर ही गोष्ट छोटी नाही.

ज्युनियरचा डेटा आम्ही परत उघडला. त्याने विरघळण्याची तुलना फ्री बेसशी केली होती. बाजारात ते औषध हायड्रोक्लोराइड सॉल्टच्या रूपात मिळतं. तो काही न बोलता प्रिंटआउट घेऊन गेला, आणि संध्याकाळी स्टोअरमध्ये हायड्रोक्लोराइडची बाटली शोधताना दिसला.