चाळीस वर्षांनी अमेरिका

उन्हाळ्यात लेकाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला जाऊन येणारी मंडळी आता गल्लोगल्ली भेटतात. दुसऱ्या खेपेहून परतलेले हटकून सांगतात, ‘मागच्या वेळी पाहिली ती अमेरिका राहिली नाही हो!’ मध्ये वर्षे गेलेली असतात पाच, फार तर दहा. अशा वेळी मला मार्क्वी द लाफायेत या फ्रेंच उमरावाची आठवण येते. त्याच्या दोन खेपांमध्ये तब्बल चाळीस वर्षे गेली होती.

पहिल्यांदा तो गेला १७७७ साली. वय वर्षे एकोणीस. स्वतःच्या पैशाने जहाज विकत घेतले आणि बिनपगारी वॉशिंग्टनच्या सैन्यात दाखल झाला. ब्रँडीवाइनच्या लढाईत पायात गोळी लागली. १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला इंग्रजांनी शस्त्रे ठेवली तेव्हा तो तेथे होता. १७८४ मध्ये मित्रांना भेटून फ्रान्सला परतला तो परतलाच. पुढे फ्रेंच राज्यक्रांती आली, पाठोपाठ पाच वर्षांचा तुरुंगवास. बायको आद्रिएन दोन्ही मुलींना घेऊन आपणहून त्याच्या कोठडीत राहायला गेली होती. तीही १८०७ मध्ये गेली. संपत्तीचा मोठा हिस्सा क्रांतीने गिळला. १८२४ च्या फेब्रुवारीत तो निवडणूकही हरला. अशा वेळी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मन्रो यांचे निमंत्रण आले. मन्रो म्हणजे जुना लढाईतला सोबती. मग काय, १३ जुलै १८२४ रोजी सहासष्ट वर्षांचा लाफायेत ‘कॅडमस’ नावाच्या जहाजावर चढला. बरोबर मुलगा, चिटणीस ऑग्युस्त लव्हासर आणि एक नोकर. मुलाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन! (आपल्याकडे तेव्हा पेशवाई बुडून जेमतेम सहा वर्षे झाली होती.)

चार महिन्यांत परतायचा बेत होता, लागले तेरा. तो सोडून गेला तेव्हा तेरा राज्ये होती, आता चोवीस. वस्ती तिपटीने वाढून एक कोटीच्या घरात गेली होती. नद्यांतून वाफेच्या बोटी धावत होत्या, त्यांतली एक ओहायो नदीत मध्यरात्री त्याच्यासकट बुडाली. जीव सारे वाचले, सामान आणि कागदपत्रे गेली. गावोगाव कमानी, तोफा, मेजवान्या. हातमोज्यांवर, फितींवर, बश्यांवर त्याचे चित्र छापून दुकानदारांनी गल्ला भरला. हा भाग तुम्ही कल्पनेनेच पाहावा, कारण सत्कारांची वर्णने कुठलीही घ्या, सारखीच असतात.

मला ओढ आहे ती मित्रांच्या भेटींची. वॉशिंग्टन नव्हताच, त्याच्या थडग्यात बाप-लेक उतरले आणि रडत बाहेर आले. क्विन्सीला जॉन अ‍ॅडम्स अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. भेट झाल्यावर बाहेर येऊन लाफायेत म्हणाला, हा काही मी ओळखत होतो तो अ‍ॅडम्स नव्हे. आणि आत अ‍ॅडम्सने घरच्यांना सांगितले, हा काही तो लाफायेत नव्हे. खरे-खोटे कोण जाणे, गोष्ट अशी सांगतात.

रिचमंडला मात्र ओळख लगेच पटली. गर्दीत एक वयस्क काळा माणूस उभा होता. जेम्स. यॉर्कटाऊनच्या आधी याच गुलामाने इंग्रजांच्या छावणीत राहून लाफायेतला बातम्या पुरवल्या होत्या. स्वातंत्र्याची लढाई जिंकली आणि जेम्स मालकाकडे परतला, गुलाम म्हणूनच! लाफायेतने १७८४ मध्ये लिहून दिलेल्या दाखल्याच्या जोरावर त्याने अर्ज केला, तेव्हा कुठे १७८७ मध्ये सुटका झाली. सुटल्यावर त्याने आडनाव घेतले लाफायेत. म्हाताऱ्या सेनापतीने त्याला ओळखले आणि सर्वांसमक्ष मिठी मारली.

४ नोव्हेंबरला लाफायेत माँटिचेल्लोच्या टेकडीवर पोचला. एक्क्याऐंशी वर्षांचा जेफरसन अडखळत पायऱ्या उतरला. दोघे म्हातारे एकमेकांकडे चालू लागले, मग चालण्याचे धावणे झाले. शेकडो माणसे पाहत होती, पण आवाज नाही. दुसऱ्या दिवशी नव्या विद्यापीठाच्या अर्धवट बांधलेल्या घुमटाखाली मेजवानी झाली. आवाज क्षीण झाला म्हणून जेफरसनचे भाषण दुसऱ्याने वाचले.

त्या घरातले एक दुखणे मात्र बँकेत उमर काढलेल्या माझ्यासारख्याला चटकन दिसते. जेफरसन कर्जात बुडालेला होता. मुळात खर्चिक, त्यात १८१८ मध्ये नातवाच्या सासऱ्यासाठी वीस हजार डॉलरला जामीन राहिला. सासरा साधासुधा नव्हे, व्हर्जिनियाचा माजी गव्हर्नर. नाही कसे म्हणणार? पुढच्याच वर्षी मंदी आली, सासऱ्याचे दिवाळे निघाले आणि रक्कम जामीनदाराच्या मानेवर बसली. हा प्रकार कुठल्याही शाखेत कुठल्याही सालात घडलेला सापडेल. योग असा की त्याच डिसेंबरात काँग्रेसने लाफायेतला जुन्या सेवेबद्दल दोन लाख डॉलर आणि जमीन देऊ केली. पाहुणा सावरला, यजमान बुडत राहिला.

या भेटीत दोघे मित्र बग्गीतून फिरायला जात. घोडा हाकायला इझ्रायल नावाचा तरुण गुलाम असे. मोठी माणसे बोलतात तेव्हा नोकराला कान नसतात अशी समजूत असते, याला होते. १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वृत्तपत्राने त्याच्या आठवणी छापल्या. त्यात तो सांगतो की लाफायेतने विषय काढला. गुलामांना मोकळे केले पाहिजे, मी रक्त आणि पैसा ओतला तो सर्व माणसांच्या स्वातंत्र्यासाठी, काहींना बेडीत ठेवण्यासाठी नव्हे. जेफरसन म्हणाला, ते सुटतील एक दिवस. कधी आणि कसे, ते बोलला नाही. निदान शिकवा तरी, असे पाहुण्याने म्हटले. त्यावर जेफरसनचे मत पडले की वाचायला शिकवावे, पण लिहायला नको. लिहिता आले तर खोटे परवाने तयार करतील.

पन्नास वर्षांनंतरची आठवण आहे, शब्दन् शब्द धरू नये. पण पाहुण्याने यजमानाच्या घरात बसून हा विषय काढला, हे मला त्या तेरा महिन्यांतल्या साऱ्या तोफांहून मोठे वाटते. आपल्याकडे चाळीस वर्षांनी भेटलेले मित्र रक्तदाब आणि नातवंडे यांपलीकडे जात नाहीत. लाफायेत बोलला आणि मैत्री मोडली नाही. १८२५ च्या ऑगस्टमध्ये निरोप घ्यायला तो पुन्हा त्या टेकडीवर गेला.

सप्टेंबरात तो परत निघाला तो ‘ब्रँडीवाइन’ नावाच्या नव्या युद्धनौकेतून. बंकर हिलची माती त्याने बरोबर घेतली होती. १८३४ मध्ये पॅरिसला तो वारला तेव्हा मुलाने ती थडग्यावर पसरली. जेफरसन आणि अ‍ॅडम्स दोघेही ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षे झाली त्याच दिवशी गेले. जेफरसनच्या डोक्यावर लाखावर डॉलरचे कर्ज होते. १८२७ च्या जानेवारीत माँटिचेल्लोवर लिलाव पुकारला गेला. त्यात खुर्च्या-टेबलांबरोबर एकशे तीस माणसे होती.

इझ्रायलही विकला गेला, पाचशे डॉलरला. पुढे तेवढेच पैसे भरून त्याने स्वतःला सोडवले, ओहायोत गेला, आणि तेथे वाचायला आणि लिहायलाही शिकला. यादवी युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये तो व्हर्जिनियात जाऊन आला. जेफरसनचा नातू, त्याच जामीनकीतल्या सासऱ्याचा जावई, त्याला भेटला. एके काळी मोठा मातबर जमीनदार. आता जमिनीखेरीज त्याच्यापाशी काही उरले नव्हते. जनावरांपैकी एक खेचर होते, तेही म्हातारे आणि आंधळे.