दुर्बीण घेतली, पण आयपीस कोणता घ्यायचा?

जत : आपल्या तालुक्यात पाऊस कमी, त्यामुळं वर्षातल्या बऱ्याच रात्री आकाश मोकळं मिळतं. शाळेसाठी किंवा हौसेनं आठ इंची दुर्बीण घेणार असाल, तर आधी हा हिशेब बघा.

डोळा लावायचं भिंग म्हणजे आयपीस. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतरानं भागा. दुर्बीण १२०० मिमीची असेल, तर २५ मिमीचा आयपीस ४८ पट मोठं दाखवतो, १० मिमीचा १२० पट. ४८ पटीत अख्खा चंद्र आणि मृग नक्षत्रातला तेजोमेघ छान दिसतो. १२० पटीत शनीची कडी, गुरूचे पट्टे.

‘५०० पट’ अशा जाहिरातीला भुलू नका. दिवसभर तापलेल्या रानावरची हवा संध्याकाळी हलत असते. तेव्हा जास्त पटीत शनी वाहत्या पाण्यातल्या नाण्यासारखा थरथरतो. रात्र चढली की बघा.

चार-पाच आयपीस घेण्यापेक्षा हे दोन चांगले घ्या, सोबत दुप्पट करणारी बार्लो लेन्स. ४८, ९६, १२०, २४० अशा चार पटी मिळतात. चष्मा असेल तर डोळा १५-२० मिमी लांब ठेवूनही पूर्ण दिसेल असाच आयपीस मागा.

आणि पोरांना बजावा : दुर्बिणीतून सूर्याकडं कधीच बघायचं नाही.